पाटा वाढवाल, पण वजनाचे काय?

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनासमोर आमच्या आतेभावाची जीप उभी होती. पुण्याहून निघालेली ही मंडळी एक दिवस दिल्लीत थांबून मनालीमार्गे लेहला जाणार होती. माणसे सात, टपावर कॅरिअर आणि त्यावर ताडपत्रीखाली सामानाचा डोंगर. गाडीची मागची बाजू इतकी बसली होती, की खड्डा आला की चाक वर मडगार्डला घासायचे.

"काही नाही रे, मागे एकेक पाटा वाढवून घेऊ. दोन तासांचे काम," दादा म्हणाला.

पाट्याला इकडे कमानी म्हणतात. दादाने पानवाल्याला "कमानी कुठे मिळेल?" असे विचारले, तर त्याने त्याच रस्त्यावरच्या कमानी सभागृहाकडे बोट दाखवले! शेवटी आम्ही काश्मिरी गेटचा मोटारबाजार गाठला.

पाटा वाढवण्याचा उपाय आपल्याकडे जीपइतकाच जुना आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासून खेडोपाडीचे मिस्त्री तो करत आले आहेत. त्या जीपला चारही चाकांवर पाटेच होते. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर कमान साधारण वीस टक्के ताठ होते. पाटा जाड घेतला तर हिशेब फारच बदलतो. जाडी दुप्पट केली, की तो पाटा आठपट ताठ होतो. मग गाडी रिकामी असली की मागचा भाग उड्या मारतो, चाक रस्ता सोडते आणि मागे बसलेल्यांच्या पाठीचे जे व्हायचे ते होते.

पण खरी गोम पुढेच आहे. पाटा वाढवल्याने गाडी दिसायला वर उचलली जाते, तिची वजन पेलण्याची अधिकृत मर्यादा मात्र तसूभरही वाढत नाही. आस तोच, ब्रेक तेच, टायर तेच. टायरच्या कडेवर मापापुढे एक आकडा असतो, तो आपण कधी वाचत नाही. १०५ असेल तर त्या टायरने जास्तीत जास्त ९२५ किलो पेलावे. उतारावर ब्रेक तापतात ते एकूण वजनामुळे, आणि त्या वजनाशी पाट्याचे काही देणेघेणे नसते. शॉकअपचेही तसेच. भार पाटा उचलतो, शॉकअप फक्त त्याचे झुलणे आवरतो. त्यामुळे नुसते महागडे शॉकअप घालून बसलेली गाडी उठत नाही.

दादाला हे पटेना, म्हणून गाडी धर्मकाट्यावर नेली. सगळ्यांना आत बसवून वजन केले. आत्याला हा प्रकार मुळीच आवडला नाही. काटा २,३८० किलोवर थांबला. गाडीच्या पुस्तिकेत एकूण मर्यादा होती २,३००. नंतर नुसती मागची चाके काट्यावर घेतली, तेव्हा जादा भार जवळजवळ सगळा मागेच असल्याचे दिसले. मागे असा भार पडला, की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटात हे काय करू शकते, ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र दादाच्या बाजूने निघाली. मिस्त्रीने गाडी उचलली, तर डावीकडचा दुसरा पाटा तडकलेला आणि एका शॉकअपमधून तेल गळत होते. म्हणजे दोष केवळ सामानाचा नव्हता. दोन्ही बाजूंचे पाटे मूळ मापाचेच नवे घातले, रबरी बुश बदलले, मागचे दोन्ही शॉकअप बदलले. ही दुरुस्ती झाली. मूळ तपशिलात फेरबदल करणे वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यानंतर कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात चौकशी केलेली बरी.

मग सामानाची पाळी आली. तीस किलोचे कॅरिअर उतरवले. दुसरे जादा चाक, तंबू आणि डिझेलच्या दोन डब्यांपैकी एक, असे आणखी सत्तर. वीस लिटर डिझेल म्हणजे डब्यासकट वीस किलो भरते, हे दादाच्या गावीही नव्हते. उरलेल्यातले जड ते खाली, मधल्या सीटच्या पायाशी. टपावरचे ओझे वळणावर गाडीला बाहेर ओढते, तेच खाली ठेवले की निमूट बसते. आत्याच्या लाडवांच्या डब्यावरून थोडी वादावादी झाली, डबा राहिला.

पुन्हा काटा केला. २,२८०. मर्यादेच्या आत, पण जेमतेम वीस किलो. "येताना शालीबिली घ्यायच्या नाहीत," असे दादाने तिथेच वहिनीला बजावले. कॅरिअर अजून माझ्या गॅलरीत उभे आहे.