धोक्याची किंमत

मोटारसायकलींच्या ग्रां प्री शर्यतींची जागतिक स्पर्धा १९४९ साली सुरू झाली. पुढे यंत्रे बदलली, वेग वाढला, जपानी कारखान्यांनी युरोपीय कारखान्यांना मागे टाकले. परंतु स्वार आणि आयोजक यांच्या संबंधांत घडलेला पालट याहून महत्त्वाचा आहे.

आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून, दगडी भिंतींच्या कडेने होई. १९७२ मध्ये तेथे जिल्बेर्तो पार्लोत्ती मृत्युमुखी पडला. जगज्जेत्या जाकोमो अगोस्तिनीने त्या मार्गावर पुन्हा न उतरण्याचा निर्धार केला. इतरही मागे सरले. १९७६ नंतर जागतिक स्पर्धेत त्या शर्यतीला स्थान उरले नाही. १९७९ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे प्रमुख स्वारांनी निसरड्या मार्गावर धावण्यास नकार दिला. त्याच वर्षअखेरीस केनी रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्धी मालिकेची घोषणा केली. ती मालिका झाली नाही. बक्षिसांच्या रकमा मात्र वाढल्या.

धोका एकाने पत्करायचा आणि गल्ला दुसऱ्याने मोजायचा, अशी वाटणी असते तेथे सुरक्षिततेवरील खर्च अनाठायीच वाटतो. धोका पत्करणारा संघटितपणे नकार देतो, तेव्हाच तो खर्च हिशेबात येतो. आज शर्यती बंदिस्त मार्गांवर होतात. २०१८ पासून स्वाराच्या पोशाखात हवेची पिशवी सक्तीची आहे. मृत्यू मात्र सर्वस्वी टळलेला नाही, हे २०२१ मध्ये मुजेल्लो येथे दिसले. ही साधने विज्ञानाने दिली हे खरे. ती वापरणे आयोजकांना भाग पडले, याचे श्रेय त्या नकारांकडे जाते.