कोण आलं नाही, ते आधी पाहा

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांचं मंडळ काढायला फार कष्ट पडत नाहीत. ते तिसऱ्या वर्षी जिवंत ठेवायला पडतात. नाबार्डने 1982 साली ‘विकास वाहिनी’ स्वयंसेवकांचा कार्यक्रम सुरू केला आणि 2005 मध्ये त्यालाच शेतकरी क्लब हे नाव दिलं. पुढे कृषी विभागाच्या ‘आत्मा’ योजनेचे गट आले, उत्पादक कंपन्या आल्या. हेतू सगळ्यांचेच चांगले होते. पण पुष्कळ गावांत फलक लागला, अध्यक्ष-सचिव ठरले, एखादी शिवारफेरी झाली आणि अनुदानाची मुदत संपताच बैठकाही संपल्या. योजनेच्या आशेने जमलेली माणसं योजना गेल्यावर घरी बसली, तर त्यांना दोष देता येत नाही. त्यांना दुसरं कारण आपण दिलंच नव्हतं.

म्हणून ज्यांच्या हाती गावातलं मंडळ आहे, किंवा जे नवं काढायच्या विचारात आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मंडळ आधी बसण्या-बोलण्यासाठी असू द्या. बियाणं, पीकविमा, सोसायटीचं कर्ज हे विषय आपोआप निघतील. माणसं नेमाने भेटत असतील तर कामाचं बोलणं अडत नाही.

याचा दाखला आपल्या वऱ्हाडातच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गुरुदेव सेवा मंडळाचं काम गावोगाव नेलं. महाराज 1968 मध्ये गेले, तरी संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरचं भजन आजही कितीतरी गावांत चालू आहे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, येऊन बसायला सातबारा लागत नाही. तुमच्या मंडळालाही एवढंच पुरेल. आठवड्याचा एक वार धरा. पेरणीच्या घाईत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत चारच जण आले, तरी सतरंजी अंथरा आणि बैठक झाली असं धरा. एकदा ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हटलं की पुढचा आठवडा येत नाही.

मंडळ चालवणाऱ्याचं खरं काम मात्र बैठक संपल्यावर सुरू होतं. कोण आलं नाही, ते पाहायचं. दर आठवड्याला येणारा माणूस दोनदा दिसला नाही, ऐन हंगामात त्याने बैलजोडी विकली, चुकारा हाती येऊनही तो कुणाशी बोलेना, तर त्याच्या घरी जा. एकटे जा, पाच जणांना घेऊन जाऊ नका. ‘काऊन गा भाऊ, दिसला नाही?’ एवढंच विचारा आणि चहा होईस्तोवर बसा. कर्जाचा आकडा चारचौघांत कधी काढू नका. बोलणं जड वाटलं, माणूस जगण्यालाच कंटाळल्यासारखा बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना विश्वासात घ्या, सरकारी दवाखान्यात सोबत जा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो बैठकीच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

हे मी उगाच सांगत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पवनारजवळ बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. 2017 पासून त्या तारखेला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून ठिकठिकाणी माणसं एक दिवस अन्नत्याग करतात. तुमच्या मंडळाने तो दिवस एकत्र बसून पाळावा. भाव, कायदे, पाणी यांची लढाई मोठी आहे आणि ती लढायलाच हवी. गावातल्या बैठकीने कापसाला भाव मिळणार नाही. पण घरात कोंडून घेतलेल्या माणसाच्या दारापर्यंत सरकारच्या आधी शेजारीच पोचू शकतो.

आणखी एक पाहा. बैठकीला फक्त वावराचे मालकच येतात का? 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि औषध थेट तोंडावर येत होतं. पाठीवर पंप घेणारे त्यातले कितीतरी जण रोजमजूर होते. फवारणीची माहिती ज्याला सगळ्यात आधी हवी, तोच सतरंजीवर नसेल तर ती सांगून काय उपयोग? त्याला बोलवा, आणि मागे उभं ठेवू नका, शेजारी बसवा.

बायांचंही तसंच. 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी. अशाच एकल बायांनी ‘तेरवं’ हे नाटक रंगमंचावर उभं केलं, त्यातही त्या होत्या. सगळ्या महाराष्ट्रापुढे बोलू शकणारी बाई गावच्या मंडळात नुसती चहापुरती का असावी? अमेरिकेत 1867 साली शेतकऱ्यांची ग्रेंज ही संघटना निघाली, तेव्हापासूनच तिथे बायांना बरोबरीचं सभासदत्व होतं. आपण अजून हळदीकुंकवावर थांबलो आहोत. निंदण, वेचणी त्या करतात, मग बी कोणतं घ्यायचं हे ठरवतानाही त्या हव्यात.

आनंदाचे दिवस विसरू नका. थंडीत कुणाच्या तरी वावरात रोडग्यांचा बेत ठरवा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे फिरवताना, राख झटकताना, वांग्याची भाजी ढवळताना जी माणसं वर्षभर एकमेकांशी बोलली नाहीत तीही बोलू लागतात. खर्च थोडा येतो, तो धान्य-भाजीच्या रूपाने काढा. ज्याच्याकडे यंदा काहीच पिकलं नाही, त्याच्याकडे काही मागू नका, त्याला फक्त यायला सांगा.

पैशाचा हिशेब दर महिन्याला मोठ्याने वाचा. निवडणुकीच्या काळात मंडळाची सतरंजी कोणत्याही पक्षाला देऊ नका, ओळखीच्या उमेदवारालासुद्धा. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदला.

फलक, शिक्के, नोंदणी यांची वाट पाहू नका. या आठवड्यातला एक वार ठरवा, चार घरी स्वतः जाऊन निरोप द्या, आणि त्यातलं एक घर असं निवडा जिथे बरेच दिवस कुणी गेलेलं नाही.