पटकथा लिहितानाच विस्थापितांना विचारा

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरात 15 मार्च 2019 रोजी दोन मशिदींवर झालेल्या गोळीबारात 51 जणांचा बळी गेला. अफगाणिस्तान, सीरिया, सोमालियातल्या युद्धांतून जीव वाचवून तिथे आसऱ्याला आलेली माणसेही त्यांत होती. जून 2021 मध्ये या घटनेवर ‘दे आर अस’ हा चित्रपट जाहीर झाला. दिग्दर्शक अँड्र्यू निकोल आणि मध्यवर्ती व्यक्तिरेखा तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांची. आपल्याला कोणी विचारलेच नाही, अशी अनेक शोकग्रस्त कुटुंबांची तक्रार होती. मुस्लिम तरुणांच्या संघटनेने काढलेल्या निषेधाच्या निवेदनावर हजारो लोकांनी सह्या केल्या, एका निर्मातीने अंग काढून घेतले, खुद्द आर्डर्न यांनीही सांगण्यासारखी गोष्ट आपली नाही, असे स्पष्ट केले. जुलैमध्ये प्रकल्प थांबला. यात कॅमेरा सुरूही झालेला नव्हता. जे बिघडले ते कागदावरच बिघडले: गोष्ट कोणाची आणि ती कोणाच्या नजरेने सांगायची, हा निर्णय ज्यांनी सोसले त्यांना वगळून झाला. देशोधडीला लागलेल्यांवरचा चित्रपट पटकथेच्या टप्प्यावरच तरतो किंवा बुडतो. म्हणून पैसा, वेळ आणि त्या माणसांचा शब्द या तिन्ही गोष्टी त्याच टप्प्यावर मिळायला हव्यात.

याची दुसरी बाजू त्याच देशाने दाखवली आहे. 15 ऑक्टोबर 2007 रोजी सशस्त्र पोलिसांनी दहशतवादाच्या संशयावरून रुआतोकी या तूहोए जमातीच्या खोऱ्याची नाकेबंदी करून छापे घातले. दहशतवादाचे खटले उभे राहिलेच नाहीत. ती नाकेबंदी बेकायदा होती, असा निष्कर्ष पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाने 2013 मध्ये काढला आणि पुढच्या वर्षी पोलीस आयुक्तांनी तूहोएंची माफी मागितली. या छाप्यांवर दिग्दर्शक टेअरेपा काही यांनी 2022 मध्ये ‘मुरू’ हा चित्रपट केला. छाप्यात अटक झालेले कार्यकर्ते टामे इटी यांनी त्यात स्वतःचीच भूमिका केली. घडले तसे हुबेहूब दाखवल्याचा दावा चित्रपट करत नाही. घटनेला दिलेले उत्तर, अशीच तो स्वतःची ओळख करून देतो. कल्पनेला त्याने पुरेपूर वाव दिला, तरीही ज्यांच्यावर बेतले त्यांना तो परका वाटला नाही, कारण ती माणसे पहिल्यापासून कामात होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, मग सोसणाऱ्यानेच लिहायचे का? तसे मुळीच नाही. टेअरेपा काही स्वतः तूहोए नाहीत. गुजरातच्या 2002 मधल्या दंगलीनंतर उद्ध्वस्त झालेल्या आयुष्यांवरचा ‘फिराक’ हा चित्रपट नंदिता दास यांच्यासोबत लिहिला तो ऑकलंड विद्यापीठात शिकवणाऱ्या शुची कोठारी यांनी. प्रश्न जन्माचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: समाजाला विचारत बसलो तर प्रत्येक गटाच्या हाती नकाराधिकार जाईल आणि कलेचा गळा घोटला जाईल. ही भीती निराधार नाही. आपल्याकडे भावना दुखावल्याच्या नावाखाली काय काय चालते, हे रोज दिसते. पण गोष्टीत ज्यांचे रक्त सांडले त्यांचे ऐकणे वेगळे आणि बळजोरीपुढे मान तुकवणे वेगळे. न्यूझीलंडच्या माहितीपटकार मेराता मिता यांनी दक्षिण आफ्रिकी रग्बी संघाच्या 1981 च्या न्यूझीलंड दौऱ्याविरुद्धच्या आंदोलनाचे चित्रण केले, तेव्हा पोलिसांना ते पुराव्यासाठी हवे होते. मिता यांनी दाद दिली नाही आणि 1983 मध्ये ‘पाटू!’ हा माहितीपट पडद्यावर आणला. आंदोलकांशी असलेल्या बांधिलकीनेच त्यांना सत्तेपुढे उभे राहण्याचे बळ दिले.

तिसरा आक्षेप आपल्या जास्त जवळचा आहे. पीडितांची बाजू मांडणारा चित्रपटही दुसऱ्या समाजाविषयी द्वेष पेरू शकतो. 2022 मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’ न्यूझीलंडमध्ये गेला, तेव्हा प्रमाणपत्राचा फेरविचार होऊन वयोमर्यादा 16 वरून 18 वर नेण्यात आली. काश्मिरी पंडितांचे परागंदा होणे हे खरे आणि मोठे दुःख आहे आणि ते पडद्यावर यायलाच हवे होते. पण एका समाजाचे दुःख सांगताना दुसरा अख्खा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणे हा त्या दुःखावरही अन्याय आहे. ऐकायचे तर पुरते ऐकावे लागते. बेहरूझ बूचानी या कुर्दी-इराणी पत्रकाराने ते करून दाखवले. ऑस्ट्रेलियाने पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर डांबून ठेवलेले असताना त्यांनी मोबाइलवर चोरून दृश्ये टिपली आणि तुकड्या-तुकड्याने नेदरलँड्समधले सहदिग्दर्शक अराश कमाली सर्वेस्तानी यांच्याकडे पाठवली. त्यातून 2017 मध्ये ‘चौका, प्लीज टेल अस द टाइम’ तयार झाला. चौका हा त्या बेटाचा लाडका पक्षी; छावणीतल्या एकांतकोठडीला त्याचेच नाव दिलेले. बूचानी यांनी ही गोष्ट फक्त कैद्यांची ठेवली नाही. आपल्या पक्ष्याचे नाव कोठडीला दिल्याची मानुसच्या रहिवाशांची वेदनाही त्यांनी चित्रपटात आणली. पुढे 2020 मध्ये न्यूझीलंडनेच बूचानी यांना आश्रय दिला.

असे काम घाईने होत नाही. मोठ्या कंपनीला नटाच्या तारखा आणि विक्रीचा हंगाम गाठायचा असतो. स्वतंत्र दिग्दर्शक थांबू शकतो, पण थांबण्याच्या काळात त्याचे पोट कोण भरणार? न्यूझीलंडमध्ये 1978 मध्ये स्थापन झालेले फिल्म कमिशन पटकथा घडवण्याच्या टप्प्यावरही सार्वजनिक पैसा देते. महाराष्ट्रात मराठी चित्रपटाचे अनुदान मिळते ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे, त्यालाच हे परवडते. कोयनेपासून नर्मदेपर्यंत धरणांनी उठवलेली गावे आपल्याकडे आहेत. त्यांच्यावर पटकथा लिहू पाहणाऱ्या तरुणाला पुनर्वसित वस्त्यांत राहायला, ऐकायला, लिहिलेले वाचून दाखवायला आणि गरज पडली तर फाडून नव्याने लिहायला उसंत हवी. राज्य सरकारने अनुदानाचा एक हिस्सा पटकथेच्या टप्प्यासाठी वेगळा काढावा आणि विस्थापितांवरच्या चित्रपटाला तो देताना एकच अट घालावी: त्या माणसांना पटकथेच्या कामात मानधनासह आणि श्रेयनामावलीतल्या नावासह सामील करून घेतलेले असावे. कथेत काय असावे, हे मात्र सरकारने सांगू नये.