श्रवणयंत्रातली मराठी

मराठीच्या भवितव्यावरील चर्चासत्रांत बोलणाऱ्याची चिंता पुष्कळ होते, लिहिणाऱ्याची त्याहून अधिक; ऐकणाऱ्याची मात्र क्वचितच. ज्याच्या कानापर्यंत भाषा अर्धीमुर्धीच पोहोचते, त्याचा प्रश्न आपण वैद्यकाच्या स्वाधीन करून मोकळे होतो. आमच्या मते ही वाटणी चुकीची आहे. श्रवणयंत्राच्या संशोधनासाठी गेल्या काही वर्षांत मुक्तस्रोत संगणकप्रणाली उपलब्ध झाल्यापासून तर ती टिकणारीही नाही.

भांडुपमध्ये शिकवणाऱ्यांना हा विषय दूरचा वाटू नये. लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेच्या कारखान्यांत ज्यांनी यंत्रांच्या घरघरीत उमेदीची वर्षे काढली, त्या पिढीची नातवंडे आज आमच्या वर्गांत आहेत. ‘आजोबांचं कानाचं मशीन’ बहुधा कपाटात असते, असे ती सांगतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: आवाज येतो, पण शब्द कळत नाही. ही तक्रार हट्टी म्हाताऱ्याची म्हणून हसण्यावारी नेली जाते. ध्वनिविज्ञानाच्या दृष्टीने ती अगदी अचूक आहे.

वयोमानाने किंवा गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा उच्च वारंवारतेचे ध्वनी आधी हरवतात. स्वरांची ताकद मुख्यतः खालच्या पट्ट्यांत असते, म्हणून कोणीतरी बोलते आहे हे कळते. शब्दाशब्दांतला भेद मात्र पुष्कळदा व्यंजनांवर तोललेला असतो. ‘साल’ आणि ‘शाल’, ‘करा’ आणि ‘खरा’ ह्यांतले अंतर म्हणजे काही क्षणांची क्षीण सळसळ किंवा श्वासाचा झोत. मराठीत तर ‘जग’ हा शब्द विश्व ह्या अर्थी तालव्य ‘ज’ने उच्चारला जातो आणि जगण्याच्या आज्ञार्थी दंततालव्य ‘ज’ने. देवनागरी हा भेद दाखवत नाही. तो फक्त कानाला ठाऊक असतो. तो कानच थकला की लिपीही मदतीला येत नाही.

श्रवणयंत्र म्हणजे नुसता ध्वनिवर्धक नव्हे. कोणत्या पट्टीतला आवाज किती वाढवायचा, मोठा आवाज कोठे आवळायचा, मागचा गोंगाट किती दाबायचा, हे सारे त्यातली प्रणाली ठरवते. बाजारातल्या यंत्रांत ही प्रणाली बंद पेटीत असते. ती काय वगळते हे संशोधकालाही पाहता येत नाही. वर्धनाची सूत्रे बांधताना सरासरी भाषणध्वनीचा आधार लागतो. अशा सरासरीसाठी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात बारा भाषा होत्या. इंग्रजी, जर्मन, जपानी, वेल्श, व्हिएतनामी होत्या. आर्यभारतीय कुळातली सिंहलीही होती. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. भाषाभाषांतली सरासरी पुष्कळच जवळची असते, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता आणि तो आम्ही अमान्य करत नाही. पण सरासरीत महाप्राण दिसत नाही. नदीची सरासरी खोली ठाऊक असूनही माणूस बुडू शकतो, हे संख्याशास्त्राचे विद्यार्थी आम्हा साहित्यवाल्यांना नेहमी ऐकवतात.

जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे घडलेली ‘ओपन मास्टर हिअरिंग एड’ ही प्रणाली २०१७ साली मुक्त परवान्याखाली खुली झाली. ध्वनी आवळणे, गोंगाट कमी करणे, शिट्टी रोखणे असे तिचे सुटे भाग आहेत. एखादा भाग काढून आपला घालता येतो आणि त्याचा परिणाम प्रत्यक्ष ऐकता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील ‘ओपन स्पीच प्लॅटफॉर्म’ हा असाच दुसरा प्रयत्न. ही साधने रुग्णाने विकत घ्यायची यंत्रे नव्हेत, प्रयोगशाळेची अवजारे आहेत. त्यांमुळे उद्या श्रवणयंत्र स्वस्त होईल असे सांगणारा फसवणूक करील. परंतु महाप्राण जपणारी एखादी योजना सुचली, तर ती तपासायला आता कोणा कंपनीची परवानगी नको.

आणि तपासणारे दूरचे नाहीत. भांडुपच्या शेजारी, पवईच्या आयआयटीत प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी श्रवणयंत्रांसाठी वाणीसंस्करणाचे काम वर्षानुवर्षे केले. ध्वनी आवळण्याची त्यांची एक पद्धत स्मार्टफोनवरही उतरवली गेली. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. अभियंता आहे, श्रवणतज्ज्ञ आहे. ह्या बैठकीत मराठीचा प्राध्यापक तेवढा नाही, आणि त्याला कोणी बोलावले नाही ही सबब आम्हाला पुरेशी वाटत नाही.

त्याने करायचे काय? एक नमुना देतो. गोंगाटात वाक्य कितपत कळते हे मोजण्यासाठी अनेक भाषांत पाच शब्दांची वाक्ये वापरतात: नाम, क्रियापद, संख्या, विशेषण, वस्तू. प्रत्येक रकान्यात दहा शब्द, म्हणजे एक लाख वाक्ये. ऐकणाऱ्याला अंदाजाने पुढचा शब्द सांगता येऊ नये हा हेतू. मराठीत हा तक्ता मांडताच व्याकरण आडवे येते. ‘सुमनने पाच जुन्या वह्या आणल्या’ ह्यात ‘वह्या’च्या जागी ‘पंखे’ घातले की विशेषण आणि क्रियापद दोन्ही बदलतात. म्हणजे शेवटचे क्रियापद ऐकूनच लिंगाचा सुगावा लागतो आणि चाचणी फुटते. इथे अभियंता थांबतो. मराठीचा अभ्यासक सांगू शकतो की ‘लाल’, ‘गोल’, ‘सुंदर’ ही विशेषणे अविकारी आहेत आणि तृतीय पुरुषी एकवचनी भविष्यकाळाला लिंगभेद नाही: ‘सुमन सात लाल पिशव्या आणेल’, ‘विनय नऊ गोल पंखे विकेल’. दोन्ही वाक्यांतला कोणताही शब्द सुटा काढून दुसरीकडे बसवा, व्याकरण मोडत नाही.

हे भाषेच्या माणसाचे काम नव्हे, असा आक्षेप आमच्या स्टाफरूममध्येच घेतला गेला. ध्वनिविचार आपण अभ्यासक्रमात ठेवतो, महाप्राणाची व्याख्या पाच गुणांसाठी विचारतो, आणि ती व्याख्या एखाद्याच्या कानाला उपयोगी पडण्याची वेळ आली की साहित्याच्या सोवळ्यात शिरतो. हे आम्हाला पटत नाही. शिवाय तक्त्यात कोणाची मराठी घ्यायची, हा वाद तरी आपल्याशिवाय कोण घालणार? भांडुपच्या चाळींत मालवणी ऐकत वाढलेल्या कानाला पुस्तकी उच्चारांनी जोखले, तर बहिरेपण मोजले जाईल की बोली, हे त्या वेळी ठरवावे लागेल. पन्नास शब्दांपैकी वीसेक आम्ही निवडले आहेत. संख्यांच्या रकान्यात ‘सात’ आणि ‘आठ’ शेजारी ठेवावेत की नाही, ह्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.