कंसातला एक पुसू नका



अवयव पाडा म्हटले की आमच्या वर्गात पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. तसा नियम सोपा आहे. सगळ्या पदांचा मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, शोधायचा. तो कंसाबाहेर लिहायचा आणि उरलेले कंसात. पण "हे शिकून उपयोग काय?" असे घरचे विचारतात. मलाही तसेच वाटायचे.

उन्हाळ्यात आमच्या घरी तेंदूपाने आणतात. ७० पानांचा एक पुडा. आईने रोज ६० पुडे बांधले. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती एकच दिवस आली आणि तिने २० पुडे बांधले. आईचे दिवस 'क' आणि एका पुड्याचा दर 'द' धरला, तर घरची मजुरी ६०कद + २०द झाली. मी २०द सामाईक घेतले आणि ऐटीत लिहिले, २०द(३क). आजीच्या पदातले सगळेच बाहेर आले, मग आत काय उरणार?

आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अन् माहे पुडे कुठी गेले वं?"

मी उलट गुणून पाहिले. २०द × ३क = ६०कद. खरेच की! आजीचा दिवस हिशेबातून गेला होता. २०द ला २०द ने भागले तर शून्य येत नाही, १ येतो. म्हणून बरोबर उत्तर २०द(३क + १). क च्या जागी १० ठेवा. बरोबर उत्तराने ६२० पुड्यांची मजुरी येते, माझ्या उत्तराने फक्त ६०० ची.

ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त कुट्टकाचे गणित आहे. त्यातही आधी सामाईक संख्येने भागून आकडे लहान करून घ्यायला सांगितले आहे. आकडे लहान करायचे, पण कुणाचा वाटा गाळायचा नाही.

म्हणून माझे मत असे की, मसावि काढल्यावर दोन गोष्टी केल्याशिवाय वही मिटू नये. आधी जितकी पदे होती तितकीच कंसात आहेत का, ते मोजावे. मग कंस सोडवून पाहावा. आणि पालकहो, घरचा हिशेब एखादे वेळी आमच्याकडून करून घ्या. चुकलो तर रागावू नका. पुस्तकातला एक विसरला तर एक गुण जातो, घरच्या हिशेबातला विसरला तर आजीची मजुरी जाते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ८ वी