नाव झाका, पत्ता नको

‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ कुठे आहे, हे मला आयुष्यात कुणाला विचारावं लागलं नाही. एसटीत २८ वर्षं कंडक्टर होतो. मुक्कामी गाडी ज्या गावाला जाई, तिथली ती पाटी मला अंधारातही सापडायची. पण दारू सोडणाऱ्यांची मीटिंग माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर भरते, हे कळायला चार वर्षं गेली.

या लेखाखाली माझं नाव नाही. ही मीटिंग भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची तशी परंपराच आहे: वर्तमानपत्रात, रेडिओवर, सिनेमात सभासदाने आपली ओळख द्यायची नाही. ती मी पाळतो. माझी तक्रार एवढीच की नाव झाकता झाकता आपण पत्ताही झाकून ठेवला.

मीटिंगपर्यंत पोहोचण्याआधी सगळे उपाय झाले होते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आळंदीला जाऊन माळ घातली. पहिली पाच महिने टिकली, दुसरी तेवढीही नाही. माळ काढून खिशात ठेवायची, पिऊन झालं की तोंड धुऊन परत गळ्यात. माळेचा काय दोष? जन्मभराची शपथ एकट्याने वाहायची आणि मोडली की तोंड चुकवायचं, एवढंच मला येत होतं.

२०१४ च्या पावसाळ्यात डेपोतून ड्युटी न देताच घरी पाठवलं. बायकोने दवाखान्यात नेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आठ दिवसांनी घरी सोडताना तिथल्या सिस्टरनी बायकोच्या हातात चिठ्ठी ठेवली: ‘शाळा नं. ३, बुध-शनि, सात वाजता.’

शाळेला दोन फाटकं. मी नेमका बंद फाटकासमोर. पानवाल्याने हटकलं, “काय शोधताय, साहेब?” तोंडातून निघून गेलं, “बचत गटाची मीटिंग असते ना इथं?” तो हसला. मी घरी परत.

शनिवारी दुसऱ्या फाटकाने गेलो. तिसरीचा वर्ग. भिंतीवर पाढे, गुडघे हनुवटीला टेकतील असे बाक. एक जण उठला, नाव सांगितलं आणि “मी दारुडा” म्हणाला. माझीच मान खाली गेली. बाकीचे मात्र एका सुरात “नमस्कार” म्हणाले. उपदेश कुणी केला नाही. जो तो आपलंच सांगत होता, आणि त्यातलं निम्मं माझं होतं. खिशातल्या माळेसकट.

फी नाही, हजेरी नाही. शेवटी डबा फिरतो, जमेल त्याने जमेल तेवढं टाकावं. बाहेरची देणगी घेत नाहीत. अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. आणि शपथ जन्माची नाही, फक्त आजच्या दिवसाची. कंडक्टरला हे लगेच पटलं. गाडी कितीही लांबची असो, आपण तिकीट पुढच्या थांब्याचं काढावं.

चार महिन्यांनी मेहुण्याच्या लग्नात घसरलो. आठवड्याने तोंड पाडून वर्गात शिरलो, तर शेजारच्याने नुसतं सरकून जागा दिली.

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले. तिथून आमच्या या मीटिंगा सुरू झाल्या. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, तेव्हापासून कितीतरी जण तिथून बरे होऊन निघाले. पण उपचार संपले की माणूस आपल्याच गावच्या स्टँडवर उतरतो, त्याच देशीच्या पाटीसमोर. तिथे त्याला दुसरी पाटी दिसायला हवी.

त्याला खर्च नाही. नगरपालिकेने संध्याकाळी रिकामा पडलेला एक वर्ग द्यावा. एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, सरकारी दवाखान्याच्या केसपेपर खिडकीजवळ वार, वेळ, जागा लिहावी. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका असतात, जिथे असतील तिथे त्याही लिहाव्यात. खाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर.

आमच्याच ग्रुपमध्ये यावर वाद झाला. “पाटी लावली की येणारा-जाणारा ओळखेल.” मी म्हटलं, आपण झिंगत घरी जायचो तेव्हा गल्लीने ओळखलं नव्हतं का? शेवटी पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं: ‘दारू सोडायची मीटिंग. आत या.’ सात वाजता फाटकाला अडकवायचा, आठ वाजता काढायचा.

तिसऱ्या शनिवारी एक जण दारात घुटमळला. “पालकांची मीटिंग इथेच का?” मला बचत गट आठवला. म्हटलं, “बसा, चहा घ्या.” तो बसला. तासभर सगळ्यांचं ऐकलं. पालक कधी येणार, हे त्याने एकदाही विचारलं नाही.