विकृत फूल हा पुरावा नव्हे

पवन मावळात बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या भातखाचरांत आवणीनंतर एखादे रोप शेजारच्या रोपांहून वीतभर उंच, फिकट, सडपातळ आणि बुडाजवळच्या पेरांतून मुळे फुटलेले असे आढळले, तर पाहणाऱ्याच्या मनात हल्ली पहिली शंका येते ती वरच्या अंगाच्या बंगल्यांच्या सांडपाण्याची, नाहीतर एखाद्या कारखान्याची. आणि ज्या मुलखाने आळंदीपाशी इंद्रायणीवर फेसाचे थर तरंगताना पाहिले आहेत, तेथे ही शंका निष्कारण आहे असे कोण म्हणेल? परंतु शंका म्हणजे शाबिती नव्हे.

त्या उंच रोपाचा उलगडा कुरोसावा या जपानी संशोधकाने १९२६ सालीच केला होता. भातावरची एक बुरशी जे द्रव्य स्रवते, त्याने रोप असे भरमसाट वाढते; त्या द्रव्याला पुढे जिबरेलिन हे नाव मिळाले, आणि आज नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार तेच ‘जीए’ म्हणून घड लांबविण्यासाठी आणि मणी फुगविण्यासाठी विकत घेतो. सूर्यफुलाचा दांडा पट्टीसारखा चपटा होऊन त्यावर जोडफुले येतात, त्यामागेही बहुधा शेंड्याला झालेली इजा, कीड, जिवाणू किंवा उपजत गुण असतो. आपल्या अंगणातले कोंबड्याचे फूल तर अशाच चपटेपणाचे पिढ्यान्‌पिढ्या हौसेने जतन केलेले रूप आहे; त्याच्यावरून कोणी आजवर फिर्याद गुदरलेली नाही.

२०१५ साली जपानमधल्या चपट्या डेझींचे छायाचित्र फुकुशिमाच्या अणुअपघाताच्या नावावर जगभर फिरले, पण तशी फुले अणुभट्टीपासून शेकडो कोस दूरही उमलतात. त्याच वर्षी फुकुशिमा परिसरातील फर वृक्षांविषयी जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्याची योग्यता निराळी: कमी-अधिक किरणोत्सर्गाच्या ठिकाणची झाडे तपासून, किरणोत्सर्ग वाढेल तसे शेंडा खुंटलेल्या झाडांचे प्रमाणही वाढते, असे त्यात दाखविले होते. तुलना आणि मोजदाद यांवाचून निवाडा होत नाही. आवईची किंमत मात्र तत्काळ वसूल होते. मे २०२० मध्ये अकोले, संगमनेर आणि जुन्नर भागांतील टोमॅटोवर पडलेल्या विषाणुरोगाचा माणसाला उपद्रव नसतानाही भीतीपोटी गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, आणि भुर्दंड पडला तो शेतकऱ्याला.

वनस्पती प्रदूषणाची साक्ष देतच नाहीत, असे मात्र नाही. टू-फोर-डी या तणनाशकाचा फवारा वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेला की तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरफळतात; आणि ही खूण एकट्यादुकट्या झाडावर न उमटता वाऱ्याच्या दिशेने ओळीने उमटते. याहून दगाबाज प्रकार म्हणजे सांडपाण्यावर पोसलेली हिरवीगार, टवटवीत पालेभाजी, जिच्या पानांत जड धातू साचलेले असूनही डोळ्यांना तिच्यात तिळभर खोट दिसत नाही. विकृत फुलाच्या शोधात फिरणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच निसटते.

म्हणून पवन मावळातील ग्रामसभांना विनंती एवढीच की, विचित्र रोप सापडलेच तर गट क्रमांक, तारीख, लगतच्या शेतांतील फवारणी आणि आसपासच्या इतर झाडांची स्थिती नोंदवून रीतसर पंचनामा करावा व रोप कृषी खात्याकडे धाडावे. आणि असे रोप सापडो वा न सापडो, ओढ्याच्या व विहिरीच्या पाण्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करून घेऊन तिचा अहवाल चावडीवर लावावा.